दोष कुणात आहे

आमच्या लॅबमध्ये नॉर्मल बाई मिळणं हा कायमचा घोळ होता. ज्यांना मूल होत नाही अशा बायका रोज सकाळी परळच्या त्या जुन्या इमारतीत तळमजल्याच्या बाकांवर बसलेल्या असायच्या. सोबत नवरा, सासू, कधी नणंद, आणि मांडीवर फायलींची पिशवी. त्यांचं रक्त हवं तेवढं मिळायचं. पण संशोधनाला तेवढं पुरत नाही. आजारी माणसाच्या रक्तात काय कमी आहे हे सांगायचं, तर धडधाकट माणसाच्या रक्तात ते किती असतं हे आधी ठाऊक हवं. आणि धडधाकट बाई कशाला सुई टोचून घ्यायला आमच्या दारात येईल? तिला काय डोहाळे लागलेत?

मी तिथं टेक्निशियन होते, अजूनही आहे. रक्तातल्या बारीक खुणा मोजायच्या, हे आमचं काम. मार्कर म्हणतात त्यांना. एखाद्या बाईच्या अंडाशयात बीजं किती शिल्लक आहेत हे रक्तातल्या एका हार्मोनवरून कळतं. त्याचं लांबलचक नाव कुणीच घेत नाही, सगळे एएमएच म्हणतात. ते मोजायचं किट बाहेरच्या देशातून यायचं आणि त्याबरोबर कमी किती, जास्त किती याचा तक्ताही तिकडचाच यायचा. आमच्या मॅडमना तो तक्ता मान्य नव्हता. आपल्या बायकांचं आपण मोजू, मग ठरवू, असं त्यांचं म्हणणं. बाई मोठ्या हुशार होत्या आणि तितक्याच तापट. माझं त्यांच्याशी पटायचं, कारण तापट मीही आहे.

मोजमापाखेरीज माझ्याकडे आणखी एक काम आपोआप आलं होतं. बाकांवरच्या बायकांना मराठीत समजावून सांगायचं. कितीही समजावलं तरी शेवटी प्रश्न एकच यायचा. कधी सासू विचारायची, कधी नवरा, कधी ती स्वतःच, हळू आवाजात. "म्हणजे दोष कुणात आहे?" मी म्हणायचे, दोष म्हणू नका, कारण म्हणा. त्या मान डोलवायच्या आणि परत विचारायच्या, "हो, पण कुणात?" घोडपदेवपासून वरळीपर्यंत सगळ्यांना एवढंच हवं असायचं. नाव कळलं की घरात जागा ठरते. कोण बोलणार, कोण ऐकून घेणार, सणाला कोण मागे उभं राहणार, ते सगळं त्या एका उत्तरावर. माझा संताप व्हायचा.

तर नॉर्मल बायांचा तुटवडा पडला की आम्ही आमचेच हात पुढे करायचो. नवं किट आलं की पहिल्या खेपेला लॅबमधल्या मुलींचं रक्त लावायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. मॅडमची अट एवढीच की नळीवर कुणाचं नाव नको. म्हणून आम्ही खाण्याच्या पदार्थांची नावं घातली होती. वडा, इडली, शिरा, मिसळ. माझं थालीपीठ. कोण काय ते आपापल्याला माहीत, बाकीच्यांनी विचारायचं नाही. अर्थात माझ्या डब्यात दिवसाआड थालीपीठ असायचं, त्यामुळे ते गुपित किती टिकलं असेल ते सांगायला नको.

त्या दिवशी एएमएचचं किट लावलं, आकडे यायला लागले आणि चेष्टा सुरू झाली. शिरा सगळ्यांच्या वर निघाला. "शिऱ्यानं आता जुळ्यांची तयारी करावी," असं कुणीतरी म्हणालं. इडली ठीक, वडा ठीक. थालीपीठासमोर आकडाच नव्हता. मोजता येईल त्यापेक्षा कमी, असं यंत्रानं लिहिलं होतं. शेजारची मुलगी म्हणाली, थेंब कमी पडला असेल. मीही तेच म्हणाले आणि नळी परत लावली. परत तेच. तिसऱ्यांदा ताजं रक्त काढलं. तरी तेच. कामाला मी पक्की आहे.

मॅडम आल्या, कागदावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "थालीपीठ नॉर्मलमध्ये धरू नका, काढून टाका." मग चष्म्यावरून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.  वडा आणि इडली जमिनीकडे बघत होत्या, त्यावरून मला कळलं की सगळ्यांना कळलंय. दुपारी मॅडमनी मला खोलीत बोलावून घेतलं. ही खूण फक्त बीजांचा साठा सांगते, आई होशील की नाही ते सांगत नाही, असं त्या म्हणाल्या. हेच वाक्य मी बाकांवरच्या बायकांना वर्षानुवर्षं सांगत होते. ते ऐकायला किती पोकळ लागतं ते त्या दिवशी समजलं. पुढच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. साठा संपत आलेला नव्हता, संपलाच होता. तेव्हा मी तिशीलाही पोचले नव्हते.

पाळी मागेपुढे व्हायची, तर मी ती दगदगीच्या नावावर घालत होते. घरी लालबागला येऊन आईला सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "त्यात काय, माझी तर तू चौथीत होतीस तेव्हाच गेली." मी म्हटलं, "आणि तू कधी बोलली नाहीस?" "बोलायचं काय त्यात? एका खोलीत आपण एवढी माणसं, मोरीला नुसता पडदा, पाणी बाहेरच्या नळावर. मी तर देवापुढे साखर ठेवली. म्हटलं, सुटले." आईला मुलं लवकर झाली होती, त्यामुळे तिचं काही अडलं नाही. ती सुटली आणि मी अडकले. रागावण्यासारखं काही नव्हतं, तरी मी रागावले.

यात घोळ असा, की माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगा घोडपदेवचा, माणसं मूळची मालवणकडची. गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिलेत त्यांच्या लिफ्टची देखभाल तो करायचा, आणि चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. आम्ही दोन-तीनदा राणीच्या बागेत भेटलो होतो. तो बोलायला गमत्या होता आणि ऐकायलाही चांगला होता, हे दुसरं मला जास्त आवडलं. माझ्या कामाबद्दल तो खोदून खोदून विचारायचा. पुरुषांचंही तपासता का? मी सांगितलं, तपासतो तर. पुरुषाला मोठेपणी गालगुंड झालं आणि ते खाली वृषणात उतरलं, तर कायमचं नुकसान होऊन मूल न होण्याचीही शक्यता असते, असं काहीबाही ज्ञान पाजळलं. तो हसला. "मला झालं होतं सोळाव्या वर्षी. हे एवढे गाल. आता आधी तपासून देऊ की लग्नानंतर?" पाणघोड्याच्या पिंजऱ्यासमोर आम्ही दोघं खो खो हसलो होतो.

आई म्हणाली, त्याला काही सांगू नकोस. लग्नाआधी कोण कुणाचं रक्त बघतं? उद्या झालं मूल तर? मला ते जमणारं नव्हतं. रोज दुसऱ्यांना खरं सांगून पगार घ्यायचा आणि स्वतःच्या वेळी तोंड शिवायचं, हे माझ्या स्वभावात नाही. आणि खरं सांगायचं तर मला तो फार आवडला होता. फसवून मिळालेला नको होता.

साखरपुड्याची साडी घ्यायला आम्ही हिंदमाताला गेलो होतो. आम्ही दोघं, त्याची आई, मावशी, माझी आई. दुकानदार गादीवर साड्यांचा ढीग ओतत होता आणि त्याची आई एकेक पदर माझ्या खांद्यावर टाकून लांबून बघत होती. ती माझ्यासाठी हिरवी शोधत होती, डोहाळजेवणालाही तीच नेसता येईल म्हणून.  ब्लाउजपीस बघून येतो म्हणून मी त्याला बाहेर काढलं. फ्लायओव्हरखाली, फेरीवाल्यांच्या मधे उभं राहून सगळं सांगून टाकलं. थालीपीठापासून.

त्यानं मधे तोडलं नाही. शेवटी विचारलं, "तुला दुखतंखुपतं का काही?"

"नाही."

"मग बस."

"अरे, मूल होणार नाही बहुतेक. तुला समजतंय का?"

"समजलं. मी काय बहिरा आहे?"  मग म्हणाला, "घरचं मी बघतो. तू कुणाला एक शब्द बोलू नकोस. आत चल, साडी घे."

चारेक दिवसांनी त्याचा फोन आला. "आईला सांगितलं. मुलाबाळांचा विषय तिच्याकडून कधी निघणार नाही." एवढंच. मी लॅबच्या जिन्यात बसून रडले. आनंदानं रडले, हे सांगायला मला लाज नाही.

आणि खरोखरच सासूबाईंनी तो विषय कधी काढला नाही. उलट त्या मला इतकं जपत की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. सकाळी मी उठायच्या आत चहा. कामावरून आले की पाय पुढे घे म्हणत तेल लावायला बसायच्या. चाळीतल्या एखाद्या बाईनं "काय, गोड बातमी कधी?" म्हटलं, की सासूबाई तिला बाजूला घेऊन जात आणि ती बाई परत येताना माझ्याकडे भरल्या डोळ्यांनी बघत असे. चुलत दिराच्या मुलाचं बारसं होतं. ज्या बाईला मूल नाही तिच्या हातात कुणी पाळण्यातलं पोर देत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलेले. म्हणून मी दाराशीच उभी होते. तर बायकांनी मला हाताला धरून पुढे नेलं, ओटी भरली, बाळ माझ्या मांडीवर दिलं. मी थक्क झाले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी हे सगळं रंगवून सांगितलं. माणसं बदलतायत, असं भाषण केलं. सगळ्या म्हणाल्या, अशी सासू मिळायला नशीब लागतं.

उपचार एकदा करून पाहिले. नवऱ्याचीही तपासणी झाली. गालगुंडानं त्याचं काही बिघडलं नव्हतं, सगळं उत्तम होतं. सुया मला. पोटावर निळे डाग पडायचे आणि सासूबाई तव्यावर फडकं गरम करून शेकायच्या. शेकता शेकता डोळे पुसायच्या. बीज काढायच्या दिवशी मी भुलीतून जागी झाले तेव्हा डॉक्टर माझ्या पायाशी उभ्या होत्या, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं. एकही मिळालं नव्हतं. दुसरीचं बीज घेता येतं, हे त्यांनी सांगितलं. त्यावर आम्ही दोघं महिनोन्महिने बोलत राहिलो आणि मग बोलायचे थांबलो. रोज मी परळला जाऊन दुसऱ्यांच्या नळ्या लावत होते. कुणाचा आकडा चांगला आला की मला त्या न पाहिलेल्या बाईचा हेवा वाटायचा.

त्याच सुमाराला नवरा मिटत गेला. आधी भजनाला जाणं कमी झालं, मग बंद. पखवाज फडक्यात गुंडाळून कपाटावर गेला. मी विचारलं तर म्हणायचा, कंटाळा आला, दिवसभर लिफ्टमध्ये लटकून हात भरून येतात. जिन्यात उभी असलेली पोरं तो आला की गप्प व्हायची आणि पुढे गेला की हसायची. मला वाटलं, मूल नसल्याचं आता त्याला लागायला लागलंय, फ्लायओव्हरखाली दिलेला शब्द जड झालाय. मी त्याला कधी विचारलं नाही. उत्तराला घाबरत होते.

मग तो शनिवार आला. तो कामावर गेला होता. सासूबाई आणि मी भिजवलेले वाल सोलत बसलो होतो.  मग त्या वालाच्या परातीकडे बघतच म्हणाल्या, "तुका एक सांगू? रागावू नको."

"बोला ना."

"तू अजून तरणी आसस. माझ्या झिलापायी तुझी कूस रिकामी रव्हली. तुका दुसरा घर करूचा आसात, तर कर. मी आडवी येवचंय नाय. लोकांका काय सांगूचा ता मी सांगतलंय."

मला पहिल्यांदा वाटलं, त्यांना बरं नाही. म्हटलं, "मुलापायी म्हणजे? काय बोलताय तुम्ही?"

"आता माझ्यापासून काय लपवतस गो. लग्नाआधीच सगळा सांगल्यान माका त्यानं. गालगुंडाचा. आणि ह्याही सांगल्यान, की मुलगीक म्हायत आसा, तरी ती हो म्हणता." त्यांनी हातातला वाल खाली ठेवला. "त्याचो तरी काय दोष? दोष माझो. दोन्ही गाल सुजले, अंगात ताप, आणि मी हळदीचे लेप लावीत बसलंय. डॉक्टरकडे नेलो असतो तर आज ह्या घरात पोरां खेळली असती. रोज सकाळी तुझा तोंड बघतंय आणि माका ताच आठवता."

माझे हात वालाच्या पाण्यात तसेच राहिले. चहा, तेल, शेक, ओटी, मांडीवर दिलेलं बाळ, सगळं एकेक करून समोर येत गेलं. माणसं बदलली नव्हती. त्यांनी नेहमीसारखंच दोष कुणात आहे ते विचारलं होतं आणि त्यांना एक नाव मिळालं होतं. माझं नव्हे, एवढाच फरक.

"आई, हे खोटं आहे," मी म्हणाले. "त्याच्यात काही नाही. दोष माझ्यात आहे." इतकी वर्षं जो शब्द मी लोकांना तोंडातून काढू दिला नाही, तोच वापरला, कारण त्यांना दुसरा कळला नसता. सगळं सांगितलं. बीजं संपली आहेत, लग्नाआधीच संपली होती, मी त्याला हिंदमाताला सांगितलं होतं, लेपाचा आणि कशाचाही काही संबंध नाही.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ओल्या हातानंच माझा गाल कुरवाळला. "बाय माझी," म्हणाल्या. "नवऱ्याक वाचवण्यासाठी आपल्या अंगावर घेतस?"

मी उठून मोबाइल आणला, त्यातले रिपोर्ट उघडून दाखवले. माझे, त्याचे, दोन्ही. त्यांनी लांब धरून पाहिले आणि परत दिले. "तुझ्याच हापिसातलो कागद ना? तूच करतस ते." मी म्हटलं, हा माझ्या लॅबचा नाही, दवाखान्याचा आहे. त्यांना सगळं एकच. मी माझ्या आईचं सांगितलं, तिची पाळी किती लवकर गेली ते. त्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या आयशीक पोरां झाली मा? मग तुका कशाक होवची नाय?" आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या. इतकी वर्षं अनोळखी बायकांना मी हे समजावत आले, त्या निदान मान तरी डोलवायच्या. घरच्या बाईला पटवता येईना. मला रडू आलं, आणि माझं रडू बघून तर त्यांची खात्रीच पटली.

संध्याकाळी नवरा आला. मी त्याला चपलाही काढू दिल्या नाहीत, गच्चीवर घेऊन गेले. गोदीकडून वारा येत होता आणि दोरीवरचे कपडे फडफडत होते. मी विचारलं, "असं का सांगितलंस?"

त्यानं टाळाटाळ केली नाही. "मग काय सांगणार होतो? तुला रोज ऐकवलं असतं. वांझ म्हणाले असते. तूच सांगायचीस ना बाकड्यावरच्या बायकांचं? मला वाटलं, पुरुषाला कोण काय बोलणार."

"आणि बोलले?"

"बोलले."

मग त्यानं भजनाचं सांगितलं. आमच्या मंडळाची एका मंडळाशी डबलबारी होती. दोन बुवा समोरासमोर बसतात, भजनातून एकमेकांना चिमटे काढतात, टोमणे मारतात, लोक त्यासाठीच येतात. समोरच्या बुवानं त्या रात्री जागच्या जागी एक चाल रचली. पखवाज्याच्या हातात जोर फार, पण घरचा पाळणा काही हलेना, अशी. माईकवर. मैदान हसलं, बायकांच्या बाजूनंही हसू आलं. "तू काय केलंस?" मी विचारलं. "काय करणार, ताल सोडता येतो का मधेच? शेवटपर्यंत वाजवला. मीपण हसलो." त्यानंतर त्यानं पखवाज बांधून ठेवला होता. बुवापर्यंत हे पोचलं कसं, ते विचारायची गरज नव्हती. सुनेला कुणी वांझ म्हणू नये म्हणून सासूबाईंनीच बाया-बायांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. चांगल्या मनानं.

मला त्याचा भयंकर राग आला. माझं दुखणं मला न विचारता तो घेऊन गेला होता, आणि एवढी वर्षं त्याच्या ओझ्यानं वाकत होता. आणि मी त्याला शब्दातून मागे सरलेला समजत होते. गालगुंडाची गोष्टही मीच त्याला शिकवलेली. त्याला मारावं की मिठी मारावी कळेना. मी म्हणाले, "आत्ताच्या आत्ता खाली चल आणि आईंना खरं सांग. माझ्यासमोर. मला हे नको."

"राहू दे ना. आता सवय झाली."

"मला नाही झाली."

तो आला. सासूबाई गॅसपाशी होत्या. तो दाराच्या चौकटीशीच उभा राहिला आणि मान खाली घालून बोलला, की आई, मी तेव्हा खोटं बोललो होतो, माझ्यात काही नाही. एवढं बोलायला त्याला फार वेळ लागला. वाक्याच्या मधे त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुढचं आठवत नसल्यासारखं. खोटं बोलताना तो कधी अडखळला नसेल. खरं बोलताना अडखळला, आणि ते सासूबाईंनी पाहिलं.

त्यांनी गॅस बारीक केला. वळल्या. त्याच्याकडे असं बघितलं की मला माझं तोंड लपवावंसं वाटलं. "हिका पढवलंस, आणि आता आपण पण तेच बोलतस? बायलेच्या पदराआड लपतस? देवान कमी दिल्यान, त्याचा माका दुःख होता, पण लाज नाय होती. मी सगळ्यांका सांगी, माझो झील खरो, लग्नाआधी तोंडावर सांगल्यान म्हणान. तेवढोच माका अभिमान होतो तुझो."

 मी बोलले, खूप बोलले, आवाजही चढवला. प्रत्येक शब्दागणिक मी त्यांच्या नजरेत मोठी होत होते आणि तो लहान. हे ध्यानात आलं तेव्हा मी गप्प झाले.

गप्प राहून काही उपयोग झाला नाही. दोनच दिवसांत चाळभर झालं, की सुनेनं नवऱ्याचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला. हळदीकुंकवाला नव्या सुनांना माझ्याकडे नमस्काराला पाठवतात. एका आजींनी तर पोथी वाचताना माझं उदाहरण दिलं म्हणे. मी कुणाला काही सांगायला तोंड उघडलं की बायका माझे हात हातात घेतात आणि म्हणतात, आम्हाला माहीत आहे गो सगळं. माझ्या माहेरी आईला खरं ठाऊक आहे. ती म्हणते, देवानं तुझं झाकलंय तर तू कशाला उघडतेस.

नवऱ्याला मी म्हटलं, आपण दुसरीकडे राहू, ठाण्याला, पनवेलला, कुठेही. तो म्हणाला, आईला एकटं टाकून? त्यानं ते अजिबात कुत्सितपणे म्हटलं नाही. त्या बाईनं त्याला त्या दिवसापासून नावानं हाक मारलेली नाही.

रविवारी घरात सुरमई येते. मालवणी घरात मधली जाड तुकडी कमावत्या मुलाच्या ताटात पडते, हे सांगायला नको. आमच्याकडे ती माझ्या ताटात पडते. त्याला शेपटाकडची. तो खाली मान घालून काटे काढत राहतो. मी माझी तुकडी उचलून त्याच्या ताटात ठेवायला गेले की सासूबाई माझं मनगट धरतात. घट्ट धरतात. आणि तो, मान वर न करता, हळूच म्हणतो, "खा गं. जेवण निवतंय."